मग तू कामून हायस?

मे महिन्यातल्या त्या रात्री लातूरहून पिक्चर बघून गावाकडं पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. संध्याकाळी अवकाळी शिंतोडे पडून गेलेले, अंगणातल्या मातीला अजून वास होता. अण्णा नेहमीसारखे बाजेवर आडवे होते. उशाला बॅटरी, बाजेखाली पाण्याचा तांब्या, पायाशी घडी घातलेली वाकळ. घरात दोन खोल्या आहेत, पंखे आहेत, मागच्या उन्हाळ्यात कूलर आणला. पण अण्णा अंगणातच झोपतात. मी हातपाय धुऊन त्यांच्या बाजेच्या कडेला टेकलो. अण्णांना पिक्चरचं वेड कधीच नव्हतं. बातम्या आणि पावसाचा अंदाज, एवढ्यासाठीच ते टीव्हीसमोर बसतात. त्या रात्री मात्र त्यांनी विचारलं, "काय बगून आलास एवढं लातूरला जाऊन?"

मी सांगत गेलो. एक म्हातारी असते. तरुणपणी एका उंच मनोऱ्यावरच्या हॉटेलात जाते आणि तिथं तिला आधीच दिसतं की हे सगळं कोसळणार. ती आरडाओरडा करून लोकांना बाहेर काढते, लोक वाचतात. पण ज्यांनी मरायचं होतं ते जगले, त्यांची लग्नं झाली, लेकरं झाली, लेकरांना लेकरं झाली. ती सगळी हिशोबाबाहेरची. मग मरण एकेकाला शोधत येतं. आधी वाचलेला माणूस, मग त्याची लेकरं, मग नातवंडं. अण्णा उताणे पडून वर बघत ऐकत होते. जरा वेळानं म्हणाले, "मनजे जे वाचले त्येंची लेकरं बी जगायची न्हाईत?" मी म्हणालो, "हाव. पिक्चरमध्ये तसंच हाय." ते गप्प झाले. गोठ्यात म्हशीनं दावं ओढलं. मग त्यांनी कूस बदलली आणि माझ्याकडं पाठ करून, आवाज जराही न चढवता, विचारलं,

"मग तू कामून हायस?"

ते रागानं बोलले नाहीत, चेष्टेनंही नाही. थोड्या वेळात त्यांचा डोळा लागला. मी मात्र कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो, आणि तो प्रश्न पुढं कैक महिने माझ्याबरोबर फिरला. दुकानात, रस्त्यावर, जेवताना.

'फायनल डेस्टिनेशन'चा हा सहावा भाग, 'ब्लडलाइन्स'. त्याची मी १४ वर्षं वाट बघितली. पाचवा २०११ साली आला, नंतर काहीच नाही. दर एक-दोन वर्षांनी बातमी यायची, विरून जायची. या मधल्या काळात माझं शिक्षण संपलं, औशात दुकान टाकलं, लग्न झालं, मुलगी झाली, आणि तरीही कुणी 'आवडता पिक्चर कोणता' विचारलं की माझ्या तोंडून हेच नाव यायचं. समोरचा माणूस चमकायचा. इतक्या रक्तामांसाचं काय आवडतं तुला? मला उत्तर देता यायचं नाही. मुखवटा घालून सुरा घेऊन मागं लागणाऱ्या खुन्यांचे पिक्चरही मी खूप पाहिलेत. त्यांच्यापासून पळता येतं. दार लावता येतं, मुखवटा ओढून काढला तर आत माणूस सापडतो. या मालिकेत खुनी कधी दिसतच नाही. वारा येतो, पाण्याचा थेंब सरकतो, एक स्क्रू ढिला होतो, आणि बघणाऱ्याला कळतं की तो खोलीत आलाय.

पहिल्यांदा दुसरा भाग बघितला. तो २००३ चा, माझ्यापर्यंत पोचायला २००६ उजाडलं. मी अकरा वर्षांचा, आतेभाऊ दिवाळीच्या सुट्टीत आलेला. औशाच्या सीडीच्या दुकानातून दिवसाला दहा रुपये भाड्यानं त्यानं हिंदीत डब केलेली व्हीसीडी आणली, दोन चकत्यांची. त्या वर्षांत भारनियमन म्हणजे काय होतं ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. लाइट येण्याची वेळ गाठून आम्ही टीव्ही लावला. हायवेवर लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक चाललाय, साखळी ताणली जातीय, तुटते, पहिला ओंडका रस्त्यावर आपटून उसळतो आणि मागच्या पोलिसाच्या गाडीच्या काचेवर येतो. तेवढ्यात लाइट गेली. खोलीत काळोख, टीव्हीच्या काचेवर तो बारीक करपलेला हिरवट उजेड विझत गेलेला. सीडी मशीनमध्येच अडकली. रात्री कधीतरी लाइट येईपर्यंत तो ओंडका माझ्या डोळ्यांसमोर अधांतरी होता. पुढं बऱ्याच वर्षांनी वाचलं की खरे ओंडके टाकून बघितले तर ते उसळतच नव्हते, म्हणून ते संगणकावर तयार करावे लागले. वाचून आश्चर्य वाटलं, पण भीती तसूभर कमी झाली नाही.

कमी होणार तरी कशी? दिवाळी झाली की आमच्या रस्त्यांवर उसाच्या डबल ट्रॉल्या सुरू होतात. औसा ते लामजना पाटी, तिथून किल्लारी पाटी, पुढं उमरग्याकडं. रात्रीच्या अंधारात मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, फक्त पुढून गाण्यांचा दणदणाट आणि आपल्या हेडलाइटमध्ये अचानक उभी राहिलेली हलती उसाची भिंत. वाढ्याची पानं रस्त्याला घासत जातात, खड्ड्यात मागची ट्रॉली एका अंगाला कलते, वायररोप करकरतो. मी गाडी चालवायला लागल्यापासून अशा ट्रॉलीच्या मागं सापडलो की आपसूक अंतर ठेवतो. पन्नास फूट, शंभर फूट. मागचे हॉर्न वाजवून वैतागतात, बायको म्हणते काढा की पुढं, मी काढत नाही. जगात जिथं जिथं हा पिक्चर पोचला तिथं लोक ओंडक्यांच्या ट्रकमागं गाडी नेत नाहीत म्हणे. आमच्याकडं ओंडके नाहीत, ऊस आहे. भीतीला तेवढ्यानं फरक पडत नाही.

त्या व्हीसीडीची दुसरी चकती शेवटाकडं ओरखडलेली होती. हे सांगायलाच हवं, कारण माझं या मालिकेशी जे नातं जुळलं ते त्या ओरखड्यामुळं. दुसऱ्या भागात शवागारात काम करणारा एक उंच, खोल आवाजाचा माणूस सांगतो की मरणाला फक्त नवा जीवच हरवू शकतो. वाचलेल्यांत एक गरोदर बाई असते. सगळी धडपड तिचं बाळ सुखरूप जन्माला यावं म्हणून. बाळ जन्मतं, रडतं, आणि आमची चकती तिथंच अडकली. चित्राचे चौकोन झाले, आवाज खरखरला, संपलं. मी धरून चाललो की पिक्चर तिथंच संपतो. बाळ झालं, साखळी तुटली. ते गणितच चुकलेलं होतं, ती बाई मरणाऱ्यांच्या यादीत कधी नव्हतीच, हे मला अकरावीला लातूरला गेल्यावर पूर्ण पिक्चर बघितला तेव्हा कळलं. तोवर पाच वर्षं मी त्या अर्ध्या शेवटावर विसंबून होतो. मला तो तसाच हवा होता.

कारण आमच्या घरात ते बाळ मी होतो.

किल्लारीच्या भूकंपात जमीनदोस्त झालेल्या ५२ गावांतलं आमचं गाव एक. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन. माझा जन्म त्यानंतर दीड-दोन वर्षांनी, पत्र्याच्या शेडात. आई-अण्णांचं लग्नही शेडातच लागलं, उदगीरकडची आई नव्या नवरीच्या साडीत तापलेल्या पत्र्याखाली बसली होती. नवं गाव मग वसलं, सरळ गल्ल्यांचं, एकसारख्या घरांचं. जुनं गाव तिथून चार किलोमीटरवर, बाभळी माजलेली जोती आणि दगडांचे ढीग. मी लहान होतो तेव्हा जुन्या गावाबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. बोलणं निघालं की आई उठून चुलीकडं जायची. भिंतीवर आजी-आजोबा आणि काकांचा फोटोही नाही. फोटो काढलेलेच नव्हते, किंवा होते ते खाली राहिले.

जे कळलं ते आत्याकडून. निलंग्याला दिलेली म्हणून ती वाचली. तिनं ते एकदम कधीच सांगितलं नाही. शेंगा फोडताना, भाकरी थापताना एखादं वाक्य यायचं. काका १९ वर्षांचे होते, लेझीम खेळायला गावात पहिला नंबर. रानात भुईमूग होता, रानडुकरं यायची, म्हणून रात्री जागल असायची. दोघा भावांच्या पाळ्या होत्या. त्या रात्री पाळी काकांची. विसर्जनात नाचून त्यांचे पाय भरून आले होते, अंगावरचा गुलाल धुवायचंही त्राण नव्हतं. ते अण्णांना म्हणाले, "दादा, आजच्या दिस तू जा. उद्या-परवा दोन दिस मी जातो." अण्णा वाकळ आणि काठी घेऊन रानात गेले. पहाटे खोपीत जमीन गुरगुरत वर आली आणि गावाच्या दिशेनं धुळीचा ढग उठला. हे सांगताना आत्या एवढंच म्हणाली होती, "गुलाल तसाच व्हता म्हनं तोंडावर, काडला तवा."

मोटार रिवायंडिंग हा माझा धंदा. शेतकरी जळालेली मोटार आणून टाकतात आणि विचारतात, कशानं जळली? मी खोलून दाखवतो. व्होल्टेज पडलं, मोटार ओढायला लागली, तापली, वार्निश सुटलं, एक वेढा दुसऱ्याला चिकटला. एकच एक कारण जवळजवळ कधीच नसतं. चार-पाच बारक्या गोष्टी एकामागं एक उभ्या असतात, आणि त्यातली एकही एकटी असती तर काही झालं नसतं. हे काम करायला लागल्यावर मला जुन्या गावाचं घर कळलं. दगड-मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती. भिंत जाड म्हणजे घर पक्कं, उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, असंच सगळे धरून चालायचे. वर लाकडी तुळया आणि माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. ते गळू नये म्हणून आजोबा दर वर्षी मृगाच्या आधी पांढऱ्या मातीच्या पाट्या वर नेऊन टाकायचे, चोपून बसवायचे. वर्षाला थोड्याच पाट्या. पण आधीची माती कुणी काढत नव्हतं. पावसापासून लेकरं कोरडी राहावीत म्हणून आजोबांनी सगळा जन्म जी माया केली, तीच थरावर थर चढून माळवदावर बसली होती. या पिक्चरमधली कुठलीच साखळी मला याहून भयंकर वाटलेली नाही.

आणि चाहूल म्हणाल तर तीही लागली होती. पिक्चरमध्ये एका माणसाला एकदा दिसतं. आमच्याकडं अख्ख्या पट्ट्याला दिसलं होतं. १९९२ च्या ऑक्टोबरात धक्का बसला, त्याच्या पुढंमागं जमिनीच्या पोटातून गडगड ऐकू यायची, भांडी खणखणायची. लोक कितीतरी रात्री रानात आणि अंगणात झोपले. भूकंपाच्या नकाशात आमचा भाग तेव्हा सगळ्यांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. मग थंडी पडली, लेकरं खोकायला लागली, चोरांची भीती वाढली, आणि माणसं एकेक करून पुन्हा छताखाली गेली. कुणी मूर्ख नव्हतं. माणूस किती रात्री उघड्यावर काढणार?

पाचवा भाग मी लातूरला खोली करून राहत असताना बघितला. त्यात मरणानं नियम वाढवला होता: तुमच्या जागी दुसऱ्या कुणाचा जीव गेला तर त्याचं उरलेलं आयुष्य तुम्हाला मिळतं. पिक्चरमध्ये त्यासाठी खून करावा लागतो. मित्र शेवटच्या कलाटणीवर बोलत होते, की अरे हे तर पहिल्या भागातलंच विमान निघालं. मी ऐकत नव्हतो. माझ्या डोक्यात काकांचे १९ चालले होते. ते जगले असते तर साठ-सत्तर झाले असते. ती वर्षं कुठं गेली? अण्णा कुणाची वर्षं जगतायत? त्यांनी खून केला नव्हता, मागितलंही नव्हतं. थकलेल्या भावाचा शब्द मोडला नाही एवढंच. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की अण्णा रोज उघड्यावर झोपतात ते छताच्या भीतीनं नसावं, ते अजून त्या जागलीवर असावेत. पाळी त्यांची नव्हती, म्हणून ती संपतही नाही. हे मी कुणालाच बोललो नाही. त्यानंतर या मालिकेबद्दल मला जे वाटतं त्याला आवड म्हणावं की आणखी काही, ते मला ठरवता आलेलं नाही.

एवढं सगळं बरोबर घेऊन मी पहिल्याच दिवशी 'ब्लडलाइन्स'ला बसलो होतो. अर्धं थेटर नीटची परीक्षा देऊन मोकळ्या झालेल्या रिपीटर पोरांनी भरलेलं. लातूरची ही पोरं वर्षभर मान वर करत नाहीत; त्या दिवशी शिट्ट्या मारत होती, एकमेकांचे दंड धरून ओरडत होती, बघून बरं वाटलं. पिक्चरची सुरुवात या सगळ्या मालिकेतली सगळ्यांत देखणी. १९६८ सालचं मनोऱ्यावरचं हॉटेल, काचेची नाचायची जमीन, खाली खोल शहर, आणि एका पोरानं टाकलेलं एक नाणं. काचेला केसाएवढी चीर पडते, वर लोक टाचा आपटून नाचतात. माझ्या पायाच्या बोटांनी चप्पल घट्ट धरली होती. नंतरचं अंगणातलं कुटुंबाचं जेवणही तसंच. बर्फाच्या पेल्यातला काचेचा तुकडा, उडी मारायच्या जाळीखाली पडलेलं दाताळं. दिग्दर्शक जोडी आपल्याला प्रत्येक वस्तू दाखवून ठेवते आणि मग मुद्दाम चुकवते. चौथ्या भागात ही सबुरी हरवली होती. ती परत आली याचा मला मनापासून आनंद झाला.

एमआरआयच्या प्रसंगावर थेटर सगळ्यांत जास्त ओरडलं, मी नाही. चुंबकाशी माझा रोजचा संबंध. त्या यंत्राचं चुंबक कायम चालूच असतं, ते असं अचानक बटण दाबल्यासारखं जोर धरत नाही. या मालिकेची सगळी भीती 'हे घडू शकतं' यावर उभी आहे. तिथं तिनं स्वतःचा पाया सोडला असं मला वाटलं. शेवटी पुन्हा ओंडके येतात, जुन्या चाहत्यांसाठी. तेही घाईचे. माझ्या व्हीसीडीतला ओंडका कितीतरी तास हवेत होता, हे डोळे मिटायच्या आत संपले.

पण माझं खरं भांडण नियमाशी आहे. दुसऱ्या भागानं मला सांगितलं होतं की नवा जीव साखळी तोडतो. सहावा म्हणतो, नवा जीव ही साखळीची पुढची कडी. आजी वाचली हा गुन्हा, आणि नात त्याचं व्याज. थेटरमध्ये शेजारचा पोरगा मित्राला समजावत होता, "मनजे ही सगळी पैदाच व्हायला नको होती ना बे." साधं वाक्य. पडद्यावरची पोरगी आजीच्या वहीतून तेच वाचत होती. माझ्या हातातले पॉपकॉर्न मऊ पडले होते. त्यात एक प्रसंग आहे, घरातला एक मुलगा मरणाच्या पाळीतून सुटतो, कारण तो त्या बापाच्या रक्ताचाच नसतो हे उघड होतं. इतकी वर्षं ज्याला बाप म्हटलं त्याचा तो नाही, म्हणून जिवंत. नंतर दुसऱ्याला वाचवायच्या नादात तोही मरतो. मी स्वतःला विचारलं, मला अशी सूट मिळाली असती तर घेतली असती का? अण्णांचा नसतो तर? आणि लगेच माझी सहा वर्षांची पोरगी डोळ्यांपुढं आली, अण्णांच्या बाजेवर आडवी पडून चांदण्या मोजणारी.

त्या आजीचं काय झालं ते सांगतो, कारण अण्णांना सांगताना मी तेवढंच वगळलं होतं. ती म्हातारी रानात एका बंदिस्त घरात राहते. चहूबाजूंनी कुंपण, लेकरं केव्हाच दुरावलेली. मरणाला आत यायला फट राहू नये म्हणून तिनं जगणंच बाहेर ठेवलं. ती जिवंत आहे तोवर तिच्या मागच्यांची पाळी येत नाही, हे तिचं त्यामागचं प्रेम. नातीला पटावं म्हणून ती एकदा दाराबाहेर पाऊल टाकते, आणि तेवढंच पुरतं. मला वाटलं, आमच्याकडं उलटं झालं. अण्णांनी भिंतीच सोडल्या. ऊन, डास, विंचू, पाऊस, सगळं अंगावर घेत ते उघड्यावर पडून राहिले, जोराचा पाऊस आलाच तर शेजारच्या पत्र्याच्या शेडात. आणि आम्ही आत, छताखाली, निवांत. पहारा दोघांचाही. फक्त आमच्या म्हाताऱ्याच्या बाजेवर नात झोपायला येऊ शकते.

आणि तो शवागारातला उंच माणूस. टोनी टॉड. २००० साली आलेल्या पहिल्या भागापासून तो येत राहिला, कधी पूर्ण, कधी नुसता आवाज होऊन, आणि पडद्यावर आला की वाटायचं, याला सगळं माहीत आहे. कसं, ते कुणी विचारू नये. सहाव्या भागात उलगडा होतो. त्या मनोऱ्यावरून आजीनं वाचवलेलं एक लहान पोर म्हणजे हा. म्हणजे पंचवीस वर्षं आपण ज्याला मरणाचा माणूस समजत होतो, तो वाचलेल्यांपैकी होता. हा प्रसंग आला तेव्हा शिट्ट्या थांबल्या. तो इतका वाळला होता की कोट अंगावर नव्हे, खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. चित्रीकरणाच्या वेळी तो खरंच आजारी होता. ६ नोव्हेंबर २०२४ ला, पिक्चर लागायच्या आधीच, ६९ व्या वर्षी गेला. दिग्दर्शकांनी त्याला लिहिलेलं भाषण बाजूला ठेवून स्वतःच्या शब्दांत निरोप घ्यायला सांगितलं होतं. त्यानं हातातलं काम आवरलं, समोरच्या घाबरलेल्या पोरांना आयुष्य मोलाचं आहे, क्षण न क्षण जगून घ्या, असं काहीसं सांगितलं आणि शांतपणे दारातून निघून गेला. माझ्या रांगेतल्या पोरांना हे माहीत होतं का नव्हतं, कळायला मार्ग नाही. मी डोळे पुसले. त्या माणसानं मला अकराव्या वर्षी एक अर्धं वाक्य दिलं होतं, नव्या जिवाचं. ते त्यानं मागं घेतलं नाही, यावर मी त्या रात्री गाडी चालवत घरी आलो.

आणि घरी अण्णांनी विचारलं, मग तू कामून हायस.

मी तो प्रश्न नाना तऱ्हांनी उलटून बघितला. कधी वाटायचं, ते माझा पिक्चर खोडून काढतायत: बघ, तू आहेस, धडधाकट आहेस, म्हणजे तुझी गोष्ट खोटी. कधी वाटायचं, ते खरंच विचारतायत. बत्तीस वर्षं कुणाला विचारता आलं नाही ते पाठ करून अंधारात एकदाच विचारलं, आणि मी गप्प बसलो. ३० सप्टेंबरला ते दर वर्षीप्रमाणं एकटेच जुन्या गावाला जाऊन आले. पायाला गोखरू चिकटले होते, मी काढून दिले. तेव्हाही माझ्या ओठांवर आलं होतं. बोललो नाही.

डिसेंबरात त्यांना डोळ्याच्या तपासणीसाठी लातूरला नेलं होतं. परतताना अंधार पडला. लामजना पाटी सोडली आणि पुढं डबल ट्रॉली लागली, नेहमीसारखी बिनदिव्याची. मी सवयीनं वेग कमी केला. उसाचा गोडसर आंबूस वास काचेतून आत येत होता, एखादं टिपरू सुटून रस्त्यावर पडायचं आणि चाकाखाली कडकन वाजायचं. अण्णा पुढच्या सीटवर, डोळ्यांत औषध घातल्यामुळं गॉगल लावून. दोन-तीन किलोमीटर आम्ही तसेच मागं-मागं गेलो. मला वाटलं त्यांना झोप लागली.

"त्या तुज्या पिच्चरमधी," ते एकदम म्हणाले, "त्या म्हातारीनं एक लेकरू बी वाचवलं म्हनलास का?"

मी त्यांना पोराचं काही सांगितलेलं आठवत नव्हतं. नंतर कधीतरी पोरीला सांगताना त्यांनी ऐकलं असेल. म्हणालो, "हाव. त्येचा शेवटला नंबर व्हता."

"त्येचं काय झालं?"

"मोठा झाला. नोकरी केली. लोकांना सांगत ऱ्हायला, असं असं असतंय, जपा. म्हातारा झाला. आजारी पडला."

"कुनी मारलं न्हाई त्येला?"

"न्हाई. आपलं काम आवरलं अन् निघून गेला. आपल्या पायानं."

अण्णांनी गॉगल काढून मांडीवर ठेवला. समोरच्या ट्रॉलीकडं बघत ऱ्हायले. तिच्यावर बांधलेला ऊस आमच्या उजेडात पांढरट दिसत होता, प्रत्येक धक्क्याला सगळा एकदम श्वास घेतल्यासारखा वर-खाली होत होता.

"म्हातारा होऊन गेला मनजे पावलं की त्येला," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आमच्या बारक्याला लई आवडला आसता पिच्चर. येवडा शौकीन."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून काकांचा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकत होतो. मी काहीच बोललो नाही, गिअरवरचा हात तेवढा घट्ट झाला. पुढं रस्ता रुंद झाला, समोरून एकही दिवा येत नव्हता. अण्णांनी मान बाहेर काढून लांबवर बघितलं.

"मोकळा हाय," ते म्हणाले. "काड आता फुडं."

मी इंडिकेटर दिला.